सिंगापूर क्रूझला मे महिन्यात काय काय न्यायचं? (सासूबाई सोबत आहेत)

कोथरूडची_सून
नमस्कार मंडळी, मुलांच्या सुट्ट्या लागल्या की मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सिंगापूरहून सुटणारी ४ रात्रींची क्रूझ करतोय, पिनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. आम्ही सहा जण, मी, नवरा, दोन पोरं (९ आणि १४) आणि सासूसासरे. विमानाला किती किलो ते माहितीय, पण जहाजावर नक्की काय लागतं तेच कळेना, यूट्यूबवर बघावं तर एकेक बाई दहा दहा गाऊन दाखवतेय. सासूबाई ७१, कायम सहावारी, आणि त्यांचं आधीच ठरलंय की एक पिशवी फराळाची येणारच, बेसनाचे लाडू, करंज्या, चिवडा. शिवाय छोटी इस्त्री आणि चहाची किटली. कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, नाहीतर घरात युद्ध होणारे.

दर्यावर्दी_ठाणे
ताई, इस्त्री आणि किटली घरीच ठेवा. आगीच्या भीतीने ती बहुतेक सगळ्या जहाजांवर चालत नाही, टर्मिनलला एक्सरेमध्ये दिसली की काढून घेतात आणि उतरताना परत देतात, म्हणजे फुकट वजन. साधा एक्सटेन्शन बोर्डपण तसाच. नुसता यूएसबीचा चार तोंडाचा चार्जर न्या, केबिनमध्ये प्लगची जागा कमी असते. आणि पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये टाकू नका.

आता खरी गोष्ट. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि त्या केबिनच्या दारात येईपर्यंत संध्याकाळ होते कधीकधी. तुम्ही दुपारी जहाजावर चढणार, पोरं पूल बघून वेडी होणार आणि त्यांचे स्विमिंगचे कपडे कुठल्यातरी ट्रॉलीवर. आमच्या धाकट्याने तीन तास भोकाड पसरलेलं. म्हणून सहाही जणांची मिळून एक पाठीवरची सॅक करा, त्यात पोहायचे कपडे, सगळ्यांची औषधं, चष्मे, पासपोर्ट, सनस्क्रीन, आणि आईंसाठी एक शाल. पुलात कॉटनचा टीशर्ट चालत नाही बरं का, नायलॉनचाच लागतो. टॉवेल नेऊ नका, डेकवर मिळतात.

शाल_स्वेटर_गँग
शालीला माझं डबल मत!! बाहेर ३२ डिग्री आणि अंगाला नुसता चिकचिकाट, पण आत डायनिंग हॉल आणि थिएटरमध्ये एसी असा की महाबळेश्वर परवडलं. माझी आई दुसऱ्या रात्री पायमोजे घालून जेवायला आली होती. गाऊनबिऊन काही लागत नाही, एका रात्री जरा नटून जेवायला जायचं असतं त्याला सासूबाईंची एक चांगली साडी म्हणजे सगळ्या जहाजात भारी, आमच्या आईबरोबर लोक फोटो काढून घेत होते. रोजला मात्र सिंथेटिक साड्या द्या, धुवून बाथरूममधल्या दोरीवर टाकली की सकाळी वाळते आणि इस्त्रीचा प्रश्नच मिटतो.

आणि बाथरूमला चार बोटं उंच उंबरठा असतो, रात्री ठेच लागते. खिडकी नसलेली केबिन असेल तर दिवा मालवला की हात दिसत नाही डोळ्यासमोर, तेव्हा प्लगमध्ये बसणारा छोटा नाइट लॅम्प घ्याच.

पिनांगप्रेमी
फराळाबद्दल थोडं. घरचं डब्यातलं खाणं बहुतेक जहाजं घेऊ देत नाहीत, कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. पण त्याआधीची अडचण सिंगापूरची आहे. तिथे खसखस आणायलाच बंदी आहे, अमली पदार्थात धरतात! म्हणजे सारणात खसखस घातलेल्या करंज्या, अनारसे, खसखस असलेला गोडा मसाला, सगळं बाद. च्युइंगम नाही आणि ई-सिगारेट तर अजिबातच नाही (१४ वर्षांचा आहे म्हणून सांगतोय, बॅग एकदा बघून घ्या).

सीलबंद चिवडा दोन पाकिटं न्या आणि बास. पिनांगला जहाज जॉर्जटाऊनमध्येच लागतं, तिथून लिटल इंडिया चालत जाता येतं, इडली सांबार सगळं मिळतं. मेपासून फुकेतला पावसाळा, घडीची छत्री हवीच. तिथे बऱ्याचदा जहाज पाटोंग बीचसमोर नांगर टाकतं आणि लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात, बोट हलत असते तेव्हा सासूसासऱ्यांना मागे पट्टा असलेल्या सँडल द्या, सपाता नकोत. देवळात जाणार असाल तर खांदे गुडघे झाकलेले हवेत, साडीवाल्यांना तो त्रास नाही.

व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, सिंगापूरमध्ये परत शिरायचंय.

कोथरूडची_सून
बापरे खसखस!! करंज्या कॅन्सल. आता त्या म्हणतायत खसखस न घालता करते. 🙈 मळमळीसाठी अवोमिन नेऊ का सगळ्यांना?

दर्यावर्दी_ठाणे
न्या, पण अवोमिनने झोप येते. पोरांचा डोस आणि आईंच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर चालेल का ते डॉक्टरांना आधी विचारा, आणि प्रिस्क्रिप्शनचा कागद सोबत ठेवा. त्या पट्ट्यात समुद्र तसा शांत असतो, सुमात्राचा आडोसा आहे, फुकेतकडे जरा हलतं. आलेपाकाच्या वड्या पाकीटबंद मिळतात त्या घ्या, सासूबाईंना तेवढंच समाधान. आणि समुद्रात फोन फ्लाइट मोडवर, जहाजाचं नेटवर्क पकडलं तर बिल बघून चक्कर येईल ती वेगळी.

आमचे_हे_आणि_मी
शेवटच्या रात्रीचं कुणीच कसं सांगितलं नाही? रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या एकदम सकाळी टर्मिनलवर भेटतात. आमच्या ह्यांनी फार शिस्तीत सगळं भरलं, सगळं म्हणजे सगळं, आणि सकाळी लक्षात आलं की पँटच नाही. इमिग्रेशनच्या लायनीत हे गणेश मंडळाच्या टीशर्टवर आणि पट्ट्यापट्ट्याच्या झोपायच्या हाफ पँटवर उभे, खाली ऑफिसचे बूट. त्यामुळे सकाळचे कपडे, अगदी आतल्यासकट, खुर्चीवर काढून ठेवा आणि मगच बॅगा बाहेर ढकला.

आणि एक, केबिनच्या भिंती लोखंडी असतात, लोहचुंबकाचे हूक सहा आठ नेले तर ओले कपडे, टोप्या, केबिनच्या कार्डांच्या गळ्यातल्या दोऱ्या सगळं लटकतं.

कोथरूडची_सून
हाहाहा ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं, हसले पण चेहरा गंभीर झाला. हूक पुण्यात कुठे मिळतील?

शाल_स्वेटर_गँग
बोहरी आळीत बघा, नाहीतर ऑनलाइन. जाड ओले कपडे टांगायचे असतील तर जरा मोठे घ्या, माझे बारके होते, रात्री बाराला बदाबदा पडले आणि आईला वाटलं जहाज आपटलं.