प्रति: गाइडलाइन येतात, वाचतं कोण?
वर म्हटलंय की साथीत गाइडलाइन येतातच, स्टाफच वाचत नाही. अजिबात पटलं नाही. माझी वहिनी इंदूरला एका खासगी हॉस्पिटलात सिस्टर आहे, कोविडमध्ये ग्रुपवर पीडीएफवर पीडीएफ, सगळ्या इंग्रजीत, आणि आधीची रद्द झाली का ते कुणी सांगायचंच नाही. १७ मे २०२१ ला प्लाझ्मा (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव) कोविडच्या उपचारांतून काढला, तेसुद्धा तिला टीव्हीवर कळलं! आणि सफाईवाल्या मावशींचं काय? फरशीला १ टक्का हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच) लागतं, म्हणजे बाटली ३.५ टक्क्यांची असेल तर एक भाग त्यातलं नि अडीच भाग पाणी, हे बादलीपाशीच मोठ्या अक्षरात हिंदीत लावलेलं हवं ना, रात्रपाळीत ग्लोव्हज घालून मोबाइलमध्ये शोधणार कशा त्या? तारीख टाकलेला एक कागद आणि शंका विचारायला कुणीतरी उचलेल असा नंबर, एवढं तरी द्या आधी.