भाडेकरू निवडायचा कशावरून, कागदावरून की भेटीवरून?

उंबरठा
पहिला भाडेकरू मी बोलण्यावरून पसंत केला होता. माणूस नीटनेटका, बोलायला गोड, दोन महिन्यांचं भाडं आगाऊ देऊन गेला. सातव्या महिन्यापासून भाडं थांबलं आणि घर सुटलं तेव्हा लाईट बिलही थकलेलं होतं. तेव्हापासून मी कागद बघितल्याशिवाय किल्ली देत नाही. पगाराच्या तीन पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, आणि भाडं उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत. शिवाय आधीच्या घरमालकाला फोन. सध्याच्या नव्हे, त्याच्या आधीच्या. सध्याच्याला तो माणूस घालवायचाच असेल तर तो तोंडभर कौतुक करणार. मी एवढंच विचारतो, ‘यांना पुन्हा घर द्याल का?’ लगेच ‘हो’ आलं नाही की मी समजतो. गोड बोलण्यावर विसंबू नका, हे माझं ठाम मत.

भाड्याची_खोली
अजिबात पटलं नाही. मी घरून कामं घेते, मला पगाराची पावती कुठली? नऊ वर्षं भाड्याने राहतेय, एकदाही भाडं उशिरा गेलेलं नाही. तुमच्या चाळणीत मी पहिल्याच फेरीत गळणार. आणि ते स्टेटमेंट! मी दवाखान्यात किती खर्च केला, आईला किती पाठवले, हे घर बघायला गेलेल्या दहा मालकांच्या फोनमध्ये का पडून राहावं? भाडं भरल्याच्या नोंदी दाखवते, बाकीच्या ओळी झाकून. तेवढं पुरायला हवं.

दुसरं, पारख आम्हीही करत असतो. मागे एक घर फोटोत छान दिसत होतं. प्रत्यक्षात सिंकखाली बादली, अर्धी भरलेली, नळ ठिबकतोय. मालक म्हणाले, ‘तुम्ही राहायला या, मग करून घेऊ.’ मी तिथूनच परत फिरले. नीट राहणारा भाडेकरू हवा असेल तर आधी नळ दुरुस्त करा.

उंबरठा
ताई, नळाचं शंभर टक्के मान्य. पावती नसेल तर वर्षभराच्या जमेच्या नोंदी चालतील, आणि ज्याला घर देणार त्याच्याकडूनच कागद घ्यावेत, दहा जणांकडून नाही, हेही पटलं. पण कागद सोडायला मी तयार नाही. ते थकलेलं भाडं मला आजतागायत मिळालेलं नाही.

दोन_किल्ल्या
चाळणी लावायला आधी चार जण दारात यावे लागतात, हे दोघंही विसरताय. घर तीन महिने रिकामं पडलं की मालकाचा धीर सुटतो आणि येईल त्याला किल्ली दिली जाते. माझं तसंच झालं होतं. साधा हिशोब करा. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं तर 8.33 टक्के उत्पन्न गेलं. त्याऐवजी भाडं 5 टक्के कमी ठेवलं आणि घर लगेच लागलं, तर पैसेही वाचतात आणि निवडायला माणसंही मिळतात.

उंबरठा
हे मला पटत नाही. भाडं उतरवलं की चौकशा वाढतात, भरवसा वाढतो असं नाही.

ओसरी
भेटीची बाजू कुणीच घेतली नाही, म्हणून लिहिते. मागच्या खेपेला घर बघायला आलेल्या बाईंनी सगळे नळ सोडून बघितले, खिडक्या लावून बघितल्या, आणि विचारलं, ‘पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे?’ घर सांभाळणाराच हे विचारतो. चार वर्षं राहिल्या, घर होतं तसं परत दिलं.

पण ‘भेटीवरून’च्या नावाखाली जे चालतं त्याची मला चीड आहे. नाव ऐकून नकार, एकटी राहणार म्हणून नकार. म्हणून अटी आधीच लिहून ठेवा, सगळ्यांना त्याच लावा, आणि त्यात बसणाऱ्या पहिल्याला घर द्या. किल्ली देताना दोघांनी मिळून खोलीखोलीचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग लिहा, खाली दोघांच्या सह्या. निघताना डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

भाड्याची_खोली
ओसरी, फोटोंचं मनापासून पटलं. उंबरठा, तुम्हाला एक विचारते. तुम्ही माझ्या आधीच्या मालकाला फोन करणार, मग तुमच्या आधीच्या भाडेकरूचा नंबर मला द्याल? डिपॉझिट किती दिवसांत परत मिळालं, एवढंच विचारायचंय.

उंबरठा
देईन. त्याला विचारून देईन. आणि हो, सध्याच्या नाही, त्याच्या आधीच्या भाडेकरूचा घ्या. सध्याच्याचं डिपॉझिट अजून माझ्याकडेच आहे, तो मोकळेपणाने बोलणार नाही.