अनुभव धागा: म्युनिकहून गाडीने पाच देश, बारा दिवस

म्युनिक, साल्झबर्ग, ब्लेड, व्हेनिस, कोमो, लाउटरब्रुनेन आणि परत म्युनिक. भाड्याची गाडी, चार माणसं. नकाशावर सोळा-सतराशे किलोमीटर भरतात, इकडचंतिकडचं धरून दोन हजार. गाडी चालवणं त्यातलं सोपं काम. सीमा ओलांडली की टोलची पद्धत आणि दंड दोन्ही बदलतात, घोळ तिथे होतो. हा पट्टा माहीत असलेल्यांनी नेमकं लिहा. प्रवासवर्णनं नकोत.

नकाशेवाला

हॉटेलं पक्की करण्याआधी रात्री मोजा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणारा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्या देशाकडे करायचा. मुक्काम समसमान असतील तर पहिला प्रवेश जिथे, तिथे. विमान म्युनिकला उतरतं म्हणून अर्ज जर्मनीकडे आणि रात्री मात्र इटलीत जास्त, हे जुळत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

ब्लेडवरून खाली दुब्रोव्हनिक गाठायचा मोह झालाच, तर एक खाचखळगा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, पण किनाऱ्याच्या जुन्या रस्त्यावर नेउमपाशी बोस्नियाची चिंचोळी पट्टी लागते. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या पेल्येशात्स पुलावरून जा.

अर्धा चहा

आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. ते वर्षभर चालतं, पण मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. नवऱ्याचं लायसन्स आणि बायकोचं कार्ड काउंटरवर चालत नाही. कोणकोणत्या देशांत गाडी नेणार ते बुकिंग करतानाच सांगा. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं मुद्दाम निवडा, नाहीतर मॅन्युअल मिळते. चार मोठ्या बॅगा छोट्या हॅचबॅकच्या डिकीत मावत नाहीत, वॅगन घ्या.

इंधनाचं झाकण उघडून चिन्ह बघा: गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. इटलीत पेट्रोलला ‘बेंझिना’ म्हणतात आणि ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. गॅसोलीनसारखं ऐकू येतं, तिथेच माणूस फसतो. पेट्रोलचं नोझल बारीक असल्यामुळे ते डिझेल गाडीत सहज जातं. चुकलंच तर चावी फिरवू नका, इग्निशनसुद्धा ऑन करू नका. टाकी उपसून निघते. इंजिन सुरू झालं की खर्च कुठच्या कुठे जातो.

लाल डबा

आता व्हिन्येट, म्हणजे हायवेचा पास. जर्मनीत कारला काही नाही. ऑस्ट्रियात वाल्सरबर्गच्या सीमेपासून साल्झबर्ग नॉर्डपर्यंत माफी आहे, पण दक्षिणेला ए१० हायवेवर वळलात की पास हवाच. स्टिकर घेतलं तर काचेला चिकटवायचं. डॅशबोर्डवर ठेवलेलं धरत नाहीत. ऑनलाइन घेतलात तर वैधता कोणत्या तारखेपासून ते वाचा. शिवाय टाउअर्न आणि कारावांकन बोगद्यांचा टोल वेगळा. कारावांकन संपला की स्लोव्हेनिया, आणि ब्लेडचा फाटा तिथून जवळ असला तरी स्लोव्हेनियाचा पास लागतोच. तो फक्त डिजिटल मिळतो, सर्वांत कमी मुदत सात दिवस. नसेल तर दंड ३०० युरोपासून पुढे.

स्वित्झर्लंडचा पास वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँक. एक दिवस जा नाहीतर महिना राहा.

डिजिटल पास नंबरप्लेटला जोडलेला असतो. त्यामुळे गाडी ताब्यात घेतल्यावर, पार्किंगमध्ये उभं राहून, प्लेट बघत भरा. देश निवडताना ‘जर्मनी’. तिथे तुमचं नाही, गाडीचं नागरिकत्व विचारतात. ओ आणि शून्य पुन्हा तपासा. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या मध्यस्थ साइट वरकड पैसे घेतात.

चौथी सीट

इटलीत नाक्यावर तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे. पिवळी टेलेपासची (गाडीतल्या यंत्रावरून आपोआप टोल कापणारी) लेन टाळा. चुकून शिरलात तर रिव्हर्स अजिबात घेऊ नका, मदतीचं बटण दाबा. न भरलेल्या टोलची पावती मिळते, ती नंतर भरता येते. कोमोजवळच्या ए३६ पेदेमोंताना हायवेवर नाकाच नाही. कॅमेरा प्लेट टिपतो आणि पंधरा दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. तिथे ‘टोल लागलाच नाही’ म्हणून खूश होणाऱ्यांना मागाहून नोटीस येते.

शहरांच्या जुन्या भागात झेडटीएलची, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदीची, पाटी असते, पांढऱ्या गोलाला लाल कड. आत शिरलं की कॅमेरा, आणि दर प्रवेशाला वेगळा दंड. गाडीवाली कंपनी पोलिसांना तुमचं नाव कळवण्याचे पैसे कार्डावरून कापते. दंड वेगळा, पत्राने, काही महिन्यांनी. हॉटेल त्या भागात असेल तर प्लेट आधी कळवून नोंदवून घ्यायला सांगा. व्हेनिसला गाडी मेस्त्रेत ठेवून रेल्वेने जा.

घाटमाथा

इंडिकेटर डाव्या हाताला असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस वळताना वायपर चालू होतात. ते एक असो. चुकायचं नाही ते हे: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. गल्लीतून आला तरी.

कोमोहून लाउटरब्रुनेनला गॉटहार्डचा १७ किलोमीटरचा बोगदा लागतो, एका दिशेला एकच लेन. ईस्टरला आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे रांगा. जून ते ऑक्टोबरच्या आसपास वरचा घाट उघडा असतो: आइरोलो, गॉटहार्ड, आंडरमाट, वासेन, मग सुस्टेन. उताराला ऑटोमॅटिकही मॅन्युअल मोडवर टाकून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. ब्रेक दाबून धरलात तर वास येतो आणि पेडल मऊ पडतं. समोरून पिवळी पोस्टबस आली तर तिला वाट द्यायची, गरज पडल्यास मागे घेऊन. वेंगेन आणि म्युरेनला गाडी जात नाही, खाली दरीतच ठेवा.

लाल डबा

एक राहिलं. परतताना स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या सांक्ट मार्ग्रेथेनवरून ऑस्ट्रियाचा कोपरा ओलांडावा लागतो. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा पास एव्हाना संपलेला असेल तर नवा घेऊ नका. ए१४ वर होहेनेम्स ते ह्योर्ब्रान्झ माफी आहे.