नवी चेन जुन्या कॅसेटवर सटकतेय : फक्त कॅसेट बदलू की क्रँकही? (मदत हवी आहे)

हायब्रिड सायकल, 3×8 गिअर (पुढे 3, मागे 8 चक्रं), मागे 11-32 कॅसेट (मागच्या चाकावरचा चक्रांचा संच, सर्वांत लहान 11 दात्यांचं, मोठं 32 चं). पुण्यात रोज ऑफिस, रविवारी बहुतेक सिंहगड, पावसाळ्यातही. कॅसेट आणि क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढची चक्रं) सायकलसोबत आलेलेच, चेन पहिल्यांदाच बदलली. जुन्या चेनचा 12 इंचांचा भाग पट्टीने मोजला तर जिथे 304.8 मिमी भरायला हवा तिथे 308 च्या आसपास, म्हणजे पार ताणलेली.

नवी चेन टाकल्यापासून पुढे मधल्या चक्रावर असताना मागच्या 13 आणि 15 दातींवर जोर दिला की खटकन सटकते. 21 पासून पुढच्या मोठ्या चक्रांवर अजिबात नाही, चढालाही नाही. रिकामं पेडल फिरवलं तर सगळं गुळगुळीत.

केबलचा ताण ॲडजस्ट केला, हँगर (मागचा गिअर जिथे लटकतो तो तुकडा) सरळ करून घेतला, चेनची लांबी आणि आखडलेली कडी तपासली. चेन 8-स्पीडचीच आहे. जुनी परत लावली की सटकणं बंद! त्यामुळे कॅसेट गेली हे जवळपास नक्की.

प्रश्न पुढच्या चक्राचा आहे. मधल्याचे दाते एका बाजूला झुकलेत, चेन पुढून ओढली तर दात्यावरून थोडी उचलली जाते. पण चक्रं रिव्हेट केलेली, सुटी बदलता येत नाहीत, पूर्ण क्रँकच घ्यावा लागेल. दुकानदार म्हणतो सगळंच बदला, तो म्हणणारच. अवजारं आहेत, काम घरीच करेन.

सटकणं फक्त मागच्या लहान चक्रांवर असेल तर सध्या नुसती कॅसेट बदलून भागेल, की झिजलेलं पुढचं चक्र नवी चेनही लवकर खाईल?