क्रोमला पर्याय हवा असेल तर वेगळे इंजिन जगले पाहिजे

गोदाकाठकर (मूळ मत)
आपल्या नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या कार्यालयांपासून अंबडच्या कारखान्यांपर्यंत संगणकावर इंटरनेट उघडायचे म्हणजे गूगलचा क्रोम ब्राउझर उघडायचा, हे जणू ठरून गेले आहे. कंटाळून कोणी एज, ऑपेरा किंवा ब्रेव्ह हा दुसरा ब्राउझर घेतो. पण माझ्या मते तो बदल वरवरचा आहे, कारण या सगळ्यांच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच पायाभूत कोड आहे, आणि संकेतस्थळाचा कोड वाचून पान पडद्यावर उभे करणारे इंजिनही त्यातलेच आहे. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचे प्रेस्टो इंजिन सोडून दिले आणि जानेवारी 2020 मध्ये एजही क्रोमियमवर आले. सफारीचे वेबकिट ॲपलच्या उपकरणांपुरते आहे, त्यामुळे विंडोज वापरणाऱ्यांसाठी वेगळे इंजिन म्हणून फायरफॉक्सचे गेको तेवढे उरले आहे.

याचा परिणाम जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेंशनांवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांवर दिसला. पूर्वी एक्स्टेंशनला पानाकडून जाणारी प्रत्येक विनंती पाहून ती जागीच अडवता येत असे. मॅनिफेस्ट व्ही3 या गूगलने एक्स्टेंशनांसाठी आणलेल्या नव्या नियमावलीत मात्र नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करावी लागते आणि अडवण्याचे काम ब्राउझर करतो. त्यामुळे क्रोममध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारे एक्स्टेंशन बंद पडले आणि त्याची मर्यादित ‘लाइट’ आवृत्ती हाती उरली. फायरफॉक्सवर, अगदी अँड्रॉइड फोनवरसुद्धा, मूळ एक्स्टेंशन चालते. जाहिरातींवर कमावणाऱ्या कंपनीने जाहिरात रोखण्याचे नियम ठरवावेत, हे मला मुळीच मान्य नाही.

सातपूरकर
मी कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करतो आणि आपल्याशी असहमत आहे. विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी डिजिटल सहीचे टोकन (सही साठवलेले यूएसबी उपकरण) लावल्यावर पोर्टलने ते ओळखले नाही, तर समोर बसलेल्या अशिलाला इंजिनांचा इतिहास सांगून भागत नाही. बहुतेक संकेतस्थळे क्रोमवर तपासलेली असतात, म्हणून आम्ही क्रोम वापरतो. शिवाय क्रोमियमचा कोड खुला आहे. सुरक्षिततेचे म्हणाल, तर एका संकेतस्थळाला दुसऱ्याची माहिती सहज वाचता येऊ नये म्हणून प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत चालवण्याची सोय क्रोमने 2018 मध्येच सर्वांना दिली. फायरफॉक्समध्ये ती यायला 2021 उजाडले.

पंचवटीकर
फायरफॉक्सला स्वतंत्र म्हणणेही मला पटत नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा, ब्राउझरमध्ये आपोआप गूगलचाच शोध वापरला जाईल अशी मांडणी ठेवण्याच्या गूगलशी झालेल्या करारातून येतो. ज्याच्याशी झुंजायचे त्याच्याच पैशावर घर चालत असेल, तर ती झुंज किती खरी मानायची?

गोदाकाठकर
सातपूरकर, सुरक्षिततेबाबतचा आपला मुद्दा बिनतोड आहे. परंतु ‘सगळे क्रोमवरच तपासतात’ हे जे आपण सोयीचे कारण म्हणून देता, तेच माझ्या काळजीचे कारण आहे. इंटरनेट एक्सप्लोरर 6 हे 2001 मध्ये आले आणि पुढची आवृत्ती यायला 2006 साल लागले, कारण तेव्हा तगडा स्पर्धक उरला नव्हता. त्या काळात केवळ एक्सप्लोररसाठी बांधलेल्या प्रणाली अनेक कार्यालयांनी पुढे वर्षानुवर्षे ओढल्या. खुल्या कोडबद्दल म्हणाल, तर तो वाचण्याचा अधिकार सर्वांना आहे, पण त्याची दिशा मुख्यतः गूगलचे अभियंते ठरवतात. मॅनिफेस्टचा बदल खुल्या कोडमधूनच आला.

पंचवटीकर, पैशाचे परावलंबन खरे आहे. अमेरिकेतील न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये शोधसेवेत गूगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला, पण सप्टेंबर 2025 च्या आदेशात असे पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही. फक्त ‘दुसऱ्या कुणाची सेवा ठेवायची नाही’ अशा एकाधिकाराच्या अटींना मनाई केली. म्हणजे ही मिंधेगिरी इतक्यात सुटणारी नाही. तरीही वापरणारे जितके जास्त, तितकी मोझिलाची बोलणी करण्याची ताकद जास्त, आणि ती ताकद आपणच देऊ शकतो.

सिडकोकर
सेवा केंद्रावर अर्ज भरणाऱ्यांचाही विचार व्हावा. आमच्या भागातील एका केंद्रात माझी पाळी आली, तेव्हा पडद्यावर आधीच्या बाईंचे डिजिलॉकर उघडेच होते आणि वर पासवर्ड जतन करण्याची चौकट प्रश्न विचारत होती. मी ते खाते बंद करून चालकाला अतिथी खिडकी (बंद करताच पासवर्ड आणि इतिहास मागे न ठेवणारी) उघडायला सांगितले, तेव्हा ती क्रोममध्ये कुठे असते हे त्याला ठाऊक नव्हते. अशा ठिकाणी गेको आणून काय साधणार? आधी प्रत्येक ग्राहकासाठी अतिथी खिडकी उघडण्याची शिस्त लागली पाहिजे.

सातपूरकर
सिडकोकरांशी सहमत. वाचनासाठी घरी फायरफॉक्स घ्यायला माझी हरकत नाही. मात्र सहीचे टोकन त्यावर विनातक्रार चालेल याची हमी पोर्टल चालवणारे देत नाहीत, तोवर कार्यालयात क्रोमच राहील. ही हमी मागायचीच असेल, तर ती आपण सगळ्यांनी त्यांच्याकडे लेखी मागूया. त्या पत्रावर मीही सही करीन.