आजीचा फोटो: क्रॉप केलेला की पूर्ण फ्रेमचा?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आजीला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. तिचा १२ बाय १८ इंची फोटो माजघरात लावायचाय. रविवारी सकाळी तिला ओसरीवर बसवून तीन फोटो काढले. माझा कॅमेरा निकॉन डी७५०, फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारा भाग). बहिणीचा निकॉन डी७२००, एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे.

पहिला डी७२०० वर, ५० एमएम लेन्स, एफ/४, सात फुटांवरून. क्रॉप नाही. दुसरा त्याच जागेवरून, तीच लेन्स डी७५० ला लावून. त्यात खांब, कोपऱ्यातलं जातं, सगळंच आलं, म्हणून पहिल्याइतकाच भाग ठेवून बाकी कापलं. तिसरा डी७५० वरच, पण ३५ एमएम लावून सव्वातीन फुटांवरून, म्हणजे क्रॉप करायलाच नको.

पहिले दोन शेजारी ठेवले तर जुळे वाटतात. तिसऱ्यात मात्र नाक पुढे आलंय, कान गालांमागे गेलेत, बुगड्या अर्ध्याच दिसतात. आई म्हणाली, ‘ही आपली आजी वाटतच नाही.’ पण डी७५० चे सगळे पिक्सेल तर तिसऱ्यातच आहेत. दुसरा मोठा केला तर फाटेल का, म्हणजे पिक्सेल दिसायला लागतील का?

उन्हंसावली:
तिसरा बाद करा. चेहऱ्याची ठेवण तुम्ही कुठे उभे राहता त्यावर ठरते. नाकापासून कानापर्यंत पाच इंच धरा. सव्वातीन फुटांवरून, म्हणजे ३९ इंचांवरून, नाक कानाच्या मानाने साधारण १३ टक्के मोठं उमटतं. सात फुटांवरून ६ टक्के. नंतर कितीही कापा, हे प्रमाण हलत नाही. म्हणून तर पहिले दोन जुळे दिसतात.
एक मात्र खरं, डी७५० चा निम्म्याहून जास्त सेन्सर तुम्ही कापून टाकलात. फुल फ्रेमचा फायदा त्याबरोबर गेला. पुढच्या वेळी ८५ एमएम लावा आणि सात-आठ फूट लांबच थांबा.

लॅबवाला:
रोज अशा फाइली छापतो. तुमचा क्रॉप साधारण ३९३६ बाय २६२४ असेल, दहा मेगापिक्सेल. १२ बाय १८ ला इंचामागे २१८ पिक्सेल पडतात. भिंतीवर अजिबात फाटणार नाही. डी७२०० चे ३३३ पडतील, पण छापण्याआधी लुगडं बघा. त्या कॅमेऱ्यात लो-पास फिल्टर, म्हणजे सेन्सरपुढची अतिबारीक तपशील किंचित मऊ करणारी काच, नाही; बारीक चौकडीवर कधीकधी रंगीत पट्टे उमटतात. आजींनी इरकल नेसलीय का? शंभर टक्के झूम करून पदर तपासा.

कृष्णाकाठ:
इरकलच आहे, बारीक चौकडीची. तुम्ही म्हणालात तसंच निघालं: डी७२०० च्या फोटोत खांद्याजवळ हिरवट-जांभळे पट्टे आहेत, नुसत्या डोळ्यांनी कधी दिसले नसते. डी७५० च्या क्रॉपमध्ये पदर स्वच्छ.
आज त्याच क्रॉपची ८ बाय १२ प्रिंट आणली. आजीने ती हातभर लांब धरली आणि आधी बुगड्या शोधल्या. तिच्या आईच्या आहेत त्या. दोन्ही सापडल्या, मोत्यांसकट. मोठी प्रिंट उद्या टाकतो. दोघांचेही मनापासून आभार.