जर्मनीतल्या कोलोनला बिअरच्या ग्लासवर चकती ठेवायला विसरू नका

कुणीतरी लिहिलंय की परक्या शहरात चांगली बिअर शोधायची तर सरळ रेटिंगचं अॅप उघडावं. बर्लिनला चालेल ते, कोलोनला फारसा उपयोग नाही. तिथली स्थानिक बिअर एकच, क्योल्श. १९८६च्या करारानुसार हे नाव त्या परिसरातल्या ब्रुअरीजनीच लावायचं. मग बघायचं इतकंच, की बिअर त्या पबमध्येच बनते का. फ्रीझेनश्ट्रास या रस्त्यावरच्या पेफगेन नावाच्या पबमध्ये बनते, दुकान १८८३चं आहे.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नाहीये. ग्लास जेमतेम २०० मिलीचा, उंच नि सडपातळ. वाढपी (त्याला क्योबेस म्हणतात) तो रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. थांबायचं असेल तर चकती ग्लासवर ठेवायची. मला कुठे ठाऊक! पंगतीतल्यासारखं 'नको, नको' म्हणत राहिलो आणि चकतीवर सात रेघा झाल्या. आणि हो, तिथे चुकूनही अल्टबिअर मागू नका. ती शेजारच्या ड्युसेलडॉर्फ शहराची, आणि या दोन गावांपुढे आपलं पुणे-मुंबई म्हणजे सख्खे भाऊ.